आशीर्वादाचा भाव काय, व्याहीबुवा?

कोक-बुलाक,
बटाटे काढून झाल्यावरचा पहिला शुक्रवार

सन्माननीय व्याहीबुवा झुमाकादिर यांना, डोंगराच्या अलीकडून, दोन्ही हात छातीवर ठेवून, तुमचा गरीब व्याही सातीबाल्दी याचा सलाम.

गुरंढोरं खुशाल? माणसं खुशाल? (राजधानीतल्या चौथ्या मजल्यावर तुमच्याकडे साधं मांजरही नाही, हे मला ठाऊक आहे. पण आधी जनावरांची आणि मग माणसांची चौकशी करायची ही आपल्या वाडवडिलांची रीत, ती मोडणारा मी कोण? तुमच्या पांढऱ्या गाडीलाच जनावर धरावं आणि तिची तब्येत कळवावी.) बुरुल विहीणबाईंच्या पित्ताशयातले खडे निघाले, हे तुमच्या पत्रातून कळलं, आनंद झाला. इकडे गाय बरी आहे, मेंढ्या बऱ्या आहेत, गुडघे सोडले तर मीही बरा आहे. चिरंजीव तिलेक सैबेरियातल्या एका बाजारात चिनी पायजमे विकतो. (गुरांच्या डॉक्टरकीचं प्रमाणपत्र त्याने बरोबर नेलं आहे. पुठ्ठा जाड असल्यामुळे गठ्ठ्याखाली अंथरायला बरा पडतो, असं लिहितो.) नातू आल्मान माझी दाढी धरून उभा राहायला लागला आहे, त्यामुळे मला बसायला लागतं. आणि तुमची लेक, आमची सूनबाई बेगायिम, तिच्याबद्दल काय लिहू? सकाळ-संध्याकाळ खांद्यावर कावड घेऊन घळीत उतरते, नदीवरून दोन्ही बादल्या भरून चढण चढून येते, आणि तोंडातून हूं की चूं नाही. तुम्ही तिला पियानो शिकवलात तो वाया गेला असं मुळीच समजू नका. कावडीला ताल लागतो, आणि तो तिच्या पायात आहे.

एक लहानशी चिंता आहे, ती आधी सांगून टाकतो. आमची सौ. सैराकान गेल्या महिन्यात विहीणबाईंच्या समाचाराला तुमच्या तळ्याकाठच्या सुट्टीतल्या बंगल्यावर येऊन गेली, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. (बेगायिमलाही माहेरी यायचं होतं. पण दोघी आल्या असत्या तर घरात पाणी कोणी भरायचं?) बसमधून उतरली, पिशवी ठेवली, “व्याह्यांच्या अंगणात कारंजं छान उडतं,” एवढं म्हणाली, आणि तोंडाला कुलूप लावलं ते आजतागायत. यापूर्वी ती इतकी गप्प राहिली होती ती फक्त दाढ ठणकत होती तेव्हा. म्हणून विचारतो, तिच्या मानपानात काही उणं पडलं का? चहा पातळ झाला का? तसं असेल तर मोकळेपणाने कळवा. मात्र फार घाई करू नका, या शांततेची मला हळूहळू गोडी लागत चालली आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचं रेडिओवरचं भाषण आम्ही सगळ्या गावाने शाबदानच्या दुकानात उभं राहून ऐकलं. (दुसऱ्या कोणाच्या रेडिओत सेल नाहीत.) “मोकळ्या बाजाराचं औषध कडू आहे, पण देशाने ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं पाहिजे,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझी छाती फुगली. शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हटलं, माझे व्याही! व्याहीबुवा, औषध आम्ही एक थेंब न सांडता घेतलं आहे. पथ्यही कडक पाळतो. साखर बंद, मांस बंद, दवाखाना बंद, बालवाडी बंद, आणि गेल्या हिवाळ्यापासून पाणीही बंद. रोग्याने आपल्याकडून काही कसर ठेवलेली नाही. आता फक्त बरं व्हायचं तेवढं राहिलं आहे.

आणि बाजाराला नावं ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. मी बाजारातूनच आलो आहे. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मला जन्मल्या जन्मल्या मूठभर गव्हाला शेजारणीला विकलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गव्हाला परत घेतलं, म्हणजे मृत्यूने हिशेबात गोंधळून दुसरं दार धरावं. म्हणून माझं नाव सातीबाल्दी, विकत घेतलेला. या तालुक्यात खासगीकरण झालेला पहिला माणूस मी. (शेजारणीने भाव चढवला असता तर आज मी तिचा मुलगा असतो आणि तुम्ही तिच्या घरात लेक दिली असतीत. पण तिने नफा घेतला नाही. तेव्हा बाजार फारच मागासलेला होता.)

आमचा पंप तुम्हाला आठवतच असेल. पोरांच्या लग्नाला आलात तेव्हा त्याच्या आवाजाने रात्रभर डोळा लागला नाही म्हणून तुम्ही सकाळी तक्रार केली होतीत. गाव वर टेकाडावर, नदी खाली घळीत, आणि मधे तो म्हातारा पंप खोकत खोकत पाणी वर ढकलायचा. मी त्या पाण्याचा पाटकरी. कोणाच्या बटाट्याला किती पाणी हे मी ठरवायचं आणि त्याबद्दल गावाने मला शिव्या घालायच्या, असा व्यवहार सुरळीत चालला होता. मोटरीचं झाकण एकदा गंजून गळून पडलं. नवं झाकण कुठून आणणार? सैराकानने माहेरून आलेलं आपलं मोठं ताट दिलं, काळ्या पत्र्यावर लाल गुलाब रंगवलेलं, आणि मी ते वाकवून तारेने मोटरीवर बांधलं. ती पाहुण्यांना सांगायची, “आमच्या ताटात नदी जेवते, म्हणून तुम्हाला बशीत वाढते आहे.” हे सगळं सामुदायिक शेताच्या काळातलं. पंप तेव्हा सगळ्यांचा होता, म्हणजे कोणाचाच नव्हता. (हे मला तेव्हा कळलं नव्हतं. रोज पाणी येत असल्यामुळे लक्षात आलं नाही.)

मग तुमच्या खात्याने आमच्यावर कृपा करून परदेशी तज्ज्ञ व्हिटकॉम साहेब पाठवले. माणूस देखणा, नम्र, दात पांढरेशुभ्र. बरोबर एक दुभाषीण. साहेब पाऊण तास बोलले की ती म्हणायची, “साहेब म्हणतात, वाटून घ्या.” पुन्हा पाऊण तास बोलले. “साहेब म्हणतात, लवकर वाटून घ्या.” मेंढा कापून वाटे घालावेत तसा मग पंप वाटला. चिठ्ठ्या टाकल्या. मोटर निघाली दुकानदार शाबदानला. घळीतून गावापर्यंत येणारा जाडजूड लोखंडी नळ निघाला ओमुर्झाकबाबांना, म्हणजे गावातल्या सगळ्यात वडील माणसाला, ज्यांच्या तोंडात आता दात नाहीत पण जीभ पूर्वीचीच आहे. आणि पंपाची खोली निघाली मला. कागद मिळाले, शिक्के मिळाले, साहेबांनी फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी चार भिंतींचा मालक झालो, आणि पहिल्या रात्रीच मला झोपेत सुचलं की शाबदानची मोटर माझ्या खोलीत फुकट राहते आहे.

सकाळी मी भाडं मागितलं. शाबदानने लगेच मोटर फिरवण्याची फी चढवली. ओमुर्झाकबाबांनी आपल्या नळातून जाणाऱ्या पाण्यावर जकात बसवली, आणि नळाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. त्यावर मी भाडं वाढवलं. (का वाढवलं ते आता आठवत नाही. सगळे वाढवत होते, मी एकटाच मागे राहिलो असतो.) तेवढ्यात वरून विजेचा भाव मोकळा झाला. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, अशी गत झाली. पंपाचे आम्ही तिघं मालक, आणि तिघांच्याही घरच्या बायका नदीवर. साहेब मात्र आले ते खूश झाले. दुभाषीण म्हणाली, “साहेब म्हणतात, बाजार आकार घेतो आहे.” मी विचारलं, पाणी? तिने विचारून सांगितलं, “साहेब म्हणतात, आधी बाजार, मग पाणी.”

बाजाराने आकार घेतला तो असा. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर राजधानीहून एक ट्रक आला, कुठल्याशा कंपनीचा कागद होता, आणि शाबदानने मोटर विकून टाकली. त्याची होती, त्याने विकली. आम्ही काय म्हणणार? गाव नुसतं उभं राहून बघत होतं. सैराकान तेवढी पुढे झाली आणि म्हणाली, “अरे मेल्या, मोटर ने, माझं ताट तेवढं सोड.” शाबदानने कागद वाचून सांगितलं की ताट मोटरीबरोबर विकलं गेलं आहे. ट्रक घळीच्या वळणावर गेला तरी मागून तो गुलाब दिसत होता. आता ओमुर्झाकबाबांच्या नळात कोंबड्या अंडी घालतात, माझ्या खोलीत गाढव बांधतो, आणि आम्ही दोघं अजून मालक आहोत.

पाणी बंद झालं तेव्हा गावाने गाढवं विकत घेतली. सगळ्यांनीच घ्यायला काढल्यावर गाढवांचा भाव घोड्याला जाऊन भिडला. ज्याला गाढव परवडलं तो ज्याला परवडलं नाही त्याला पाणी विकू लागला. आमचं गाढव म्हातारं, ते उतार उतरतं पण वर यायला नकार देतं, म्हणून बेगायिम. साहेब पुन्हा आले, घळीच्या काठावर उभे राहून ती वर-खाली चाललेली रांग पाहिली, आणि त्यांचे डोळे पाणावले. दुभाषीण म्हणाली, “साहेब म्हणतात, आधी एका मोटरीला काम होतं, आता एवढ्या माणसांना मिळालं.” व्याहीबुवा, इतकी वर्षं मी त्या उताराकडे पाहिलं, पण मला ही बाजू कधी दिसली नव्हती. शिक्षण ते शिक्षणच.

आता जी गोष्ट तुमच्या कानावर विपर्यस्त होऊन आली असेल, ती खरी कशी घडली ते सांगतो. या वसंतात साहेबांनी जाहीर केलं की सगळ्या तालुक्यातून एक ‘आदर्श बाजार-गाव’ निवडलं जाईल आणि त्या गावाला बक्षीस म्हणून कोरी करकरीत मोटर मिळेल. मोटर! मला तीन दिवस झोप नाही. हिवाळ्यात बेगायिम एकदा बर्फावरून घसरली होती, कावड एकीकडे आणि ती दुसरीकडे. उठून स्वतःच हसली. पण मला काही हसू आलं नव्हतं. मी ठरवलं, काही झालं तरी ही मोटर आणायची. (गावचा प्रमुख सध्या मीच आहे. पगार बंद झाल्यापासून त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नाही.) साहेब पाहणीला येणार म्हणजे मेंढा कापणं आलं. आणि मेंढ्याच्या हाडांवरूनच माझ्या डोक्यात तो विचार आला.

झालं असं की मागच्या खेपेला जेवताना साहेबांनी विचारलं होतं, मुंडकं मलाच का आणि कमरेचं हाड या म्हाताऱ्यांनाच का? आम्ही सांगितलं, मुंडकं पाहुण्याचं, कमरेचं हाड सगळ्यात वडील माणसाचं, मांडी त्याच्या खालच्याची, छाती जावयाची, कान पोराटोरांचे, असं पूर्वापार चालत आलं आहे. साहेबांनी कपाळाला आठी घातली. दुभाषीण म्हणाली, “साहेब म्हणतात, चांगला माल वशिल्याने वाटता.” ती आठी माझ्या मनात घर करून राहिली होती. म्हणून पाहणीच्या दिवशी, अख्खा गाव दस्तरखानाभोवती मांडी घालून बसलेला, परातीत मांस वाफाळतंय, अशा वेळी मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की आज हाडांचे मान रद्द. आज लिलाव! पाहुण्याला खूश करायला आपली माणसं जीव टाकतात, व्याहीबुवा. पाहुण्याच्याच ताटातलं मुंडकं लिलावात काढणारं गाव मात्र जगात आमचं एकच असेल.

लिलाव सुरू झाला तसा संपलाही. रोख पैसे असलेला माणूस गावात एकच, आणि त्याच्याकडे ते का आहेत हे सगळ्यांना ठाऊक. मुंडकं शाबदानला. मांडी शाबदानला. जावयाची छाती शाबदानला, जावई समोर बसलेला असताना. शेवटी कमरेचं हाड निघालं, तेव्हा सगळ्यांनी ओमुर्झाकबाबांकडे पाहिलं. बाबांनी खिसा उलटा करून दाखवला, त्यातून सुकलेल्या दह्याची एक गोळी पडली. कमरेचं हाडही शाबदानला. परातीत उरले ते पोरांच्या वाट्याचे कान. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला तर माझ्या खोलीत मोटरीची घरघर ऐकूही यायला लागली.

आणि मग कोणी जेवेना. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मी त्यांना समजावून सांगितलं की वडील माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय दस्तरखानावर कोणी हात घालत नाही, आणि त्याने हात उंचावून आशीर्वाद दिल्याशिवाय कोणी उठत नाही. सगळे बाबांकडे बघतायत. बाबा छताकडे.

“बाबा, सुरू करा,” मी म्हटलं.

“काय सुरू करू?” बाबा म्हणाले. “पहिला घास माझा, आशीर्वाद माझा. माझ्या नळासारखेच. तुझी खोली तू फुकट देतोस का?”

मी चरकलो. शाबदानने मोठ्या मनाने खिशात हात घातला आणि म्हणाला, “बोला, आशीर्वादाचा भाव काय?” बाबांनी भाव सांगितला तो असा की शाबदानने हात खिशातून काढून घेतला. शाबदान चढला की बाबा त्याच्या दुप्पट चढायचे. या मालाचं दुकान गावात एकच, दुसरीकडे जायची सोय नाही. परातीवर चरबीचा पांढरा थर धरायला लागला. साहेबांच्या पोटातून आवाज आला, तो दुभाषिणीने भाषांतर न करताच सगळ्यांना कळला. साहेब उठायला गेले, तर दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी त्यांचे गुडघे दाबून धरले. आशीर्वादाशिवाय उठायचं नाही! बसलो तर उपाशी, उठलो तर पाप. शेवटी साहेब माझ्या कानाशी लागून बराच वेळ तावातावाने बोलले. दुभाषीण लाल होऊन म्हणाली, “साहेब म्हणतात, ही मक्तेदारी आहे. तुम्ही गावचे प्रमुख आहात, सरकार म्हणून यात पडा.” व्याहीबुवा, त्या माणसाने सरकारचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की साहेब, तुम्हीच सांगितलंत ना, सरकारने बाजारात पडायचं नसतं म्हणून?

तेव्हा बाबांनीच तोड काढली. म्हणाले, “पैसे नकोत मला. नदीचं पाणी पाहिजे. एक कावड. जो स्वतःच्या खांद्यावरून आणील त्याला आशीर्वाद, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाला जेवण.” शाबदानने लगेच आपली कंबर धरली. साहेब तरुण आणि भुकेले, ते उठले. (म्हाताऱ्यांनी गुडघे सोडले, कारण हे उठणं व्यापारासाठी होतं.) बेगायिमने त्यांच्या खांद्यावर कावड नीट बसवून दिली, आणि नाहीतरी संध्याकाळचं पाणी आणायचंच होतं म्हणून दुसरी कावड घेऊन त्यांच्यामागून घळीत उतरली. आम्ही काठावर उभे. किती वेळ गेला कोण जाणे. चढणीवर आधी साहेबांचा श्वास ऐकू आला, मग साहेब दिसले, बूट चिखलात माखलेले, बादल्यांच्या तळाशी थोडं पाणी. त्यांच्यामागून बेगायिम, दोन्ही बादल्या काठोकाठ, आणि त्यांना थांबायला लागलं की ती पाठीमागे थांबत होती, पाहुण्याच्या पुढे जाऊ नये म्हणून. मला वाटलं, आता या माणसाला कळलं. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी दोन्ही हात उंचावून असा काही आशीर्वाद दिला की काहीजणांनी डोळे पुसले. मग आम्ही थंड मांस जेवलो.

महिन्याभराने साहेबांचा निकाल आला. त्यात आमच्याबद्दल एकच परिच्छेद आहे. दुभाषिणीने कळवळून त्याचं भाषांतर स्वतःच्या अक्षरात करून पाठवलं. ‘या गावात मोटरीची गरज आढळली नाही. पाणी पायी जाऊन सहज आणता येतं, हे मी स्वतः प्रयोग करून पाहिलं आहे. व्यायामही होतो.’ मोटर पलीकडच्या गावाला मिळाली. त्या गावात वीज नाही.

असो. आमच्या रडकथा ऐकवून तुमचा मोलाचा वेळ घेतला. बुरुल विहीणबाईंना तेलकट खाऊ देऊ नका. तुमच्या गाडीला आणि तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, बाकीचं औषध तुम्ही सांगाल तेव्हा पिऊ.

तुमचा, आणि कोणी चांगला भाव दिला तर कोणाचाही,
सातीबाल्दी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. तुम्ही एवढे मोठे माणूस. राजधानीतली आमची मोटर नेणारी ती कंपनी कोणती, हे तुमच्या एका फोनने कळेल. शाबदान नाव सांगत नाही. एवढंच म्हणतो की ट्रकवाला फार घाईत होता, कोणा साहेबाला वाढदिवसाच्या आत हवी होती. कंपनी परत विकायला तयार असेल तर मी गाय विकतो, ओमुर्झाकबाबा नळ फुकट द्यायला तयार आहेत, आणि खोलीतलं गाढव मी आजच बाहेर काढतो. घळीत बर्फ धरायच्या आत झालं तर बरं. मागच्या खेपेसारखी ती पुन्हा घसरली तर, व्याहीबुवा, मला तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आणखी ता. क. आल्मान चालायला लागला की त्याच्या पायातली दोरी कापायचा समारंभ करू, त्याला तुम्ही यायचंच. कमरेचं हाड ओमुर्झाकबाबांना, मुंडकं तुम्हाला, रीतीप्रमाणे आणि फुकट. लिलाव आम्ही कायमचे बंद केले आहेत. (हे पत्र तुमच्या कार्यालयात कोणी आधी उघडत असेल, तर वर जिथे जिथे मोकळ्या बाजाराची स्तुती आहे ती मनापासूनची समजावी.)

व्याहीबुवा, हे खालचं माझं, सैराकानचं. हा माणूस गाढव बाहेर काढायला गेला आहे, म्हणून लिहिते. पाकीट मीच डकवणार आहे. याने एवढी पानं लिहिली आणि एक गोष्ट याला कळली नाही. तुमच्या बंगल्यामागे, न्हाणीघराच्या आडोशाला, कारंज्याची मोटर आहे. विहीणबाई मला कौतुकाने दाखवायला घेऊन गेल्या, म्हणाल्या, कुठल्याशा खेड्यातून भंगाराच्या भावात मिळाली. तिच्यावर माझं ताट आहे. गुलाबाची एक पाकळी उडालेली आहे, ती तिलेक लहान असताना त्याने खिळ्याने उडवली होती. तुम्हाला माहीत नसेल, असं मी बसमध्ये बसल्यावर स्वतःला सांगत होते. पण लग्नात त्याच आवाजाने तुमचा डोळा लागला नव्हता, आणि त्या दिवशी मी पाहिलं, तुम्ही त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून घोरत होता. मी घरी येऊन कोणाला बोलले नाही. बोलले असते तर बेगायिमने ऐकलं असतं. ती सगळ्या गावाला सांगत असते की माझ्या बाबांना नुसतं कळू दे, एका फोनवर मोटर येईल. तिलेक वसंतात घरी येऊन गेला, आता तिला पाचवा महिना आहे. तुम्हाला कळवू नका म्हणते, बाबा काळजी करतील. ताट ठेवून घ्या, नातवाच्या आजोबांना दिलं असं मी समजेन. मोटर पाठवा. नाही आली, तर पहिला बर्फ पडला की मी तिला बसमध्ये घालून तुमच्याकडे आणीन, आणि कारंजं दाखवीन.